मध्येच घंटा वाजली तर...

"या मुलाचे एका जागी दहा मिनिटे लक्ष लागत नाही." प्रत्येक शिक्षकाने हे वाक्य कधी ना कधी उच्चारलेले असते. मीही उच्चारले आहे. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, वर्ध्याला लागून असलेल्या सावंगी (मेघे) इथे, हेच 'दहा मिनिटे'वाले दोघे-तिघे एका रिकाम्या खोलीत सलग चार तास बसलेले मी पाहिले. त्यांच्यासमोर होती आठ फूट बाय चार फुटांची प्लायवूडची फळी आणि तिच्यावर छोटे रूळ. तेव्हापासून मनात प्रश्न आहे की लक्ष लागत नाही ते मुलाचे, की आपणच ते लागू देत नाही?

प्रश्नाचे उत्तर शोधायला आधी ती रेल्वे नीट समजून घेऊ.

सत्त्याऐंशीपट लहान

२०२४ च्या फेब्रुवारीत वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा सुरू झाला. गाडी देवळीवरून कळंबला जाते हे मुलांना माहीत होते. एका पालकांनी मुंबईहून आणलेला खेळण्यातल्या रेल्वेचा संच हाताशी होता. म्हणून ठरले की वर्धा-कळंब मार्गाची प्रतिकृती करायची.

अशा प्रतिकृतींचे जगभर सर्वाधिक वापरले जाणारे प्रमाण आहे १:८७. म्हणजे खरी वस्तू ८७ मीटर लांब असेल तर प्रतिकृती १ मीटरची. या प्रमाणाच्या रुळांतले अंतर, म्हणजे गेज, १६.५ मिलिमीटर असते. १६.५ ला ८७ ने गुणा. उत्तर सुमारे १४३५ मिलिमीटर येते आणि तेच युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक रेल्वेंचे गेज आहे. आपली ब्रॉडगेज मात्र १६७६ मिलिमीटरची. तिला १६.५ ने भागले तर भागाकार १०१ च्या पुढे जातो. म्हणजे मुलांच्या फळीवर डबे एका प्रमाणाचे आणि रूळ दुसऱ्याच प्रमाणाचे होते! ही विसंगती सातवीतल्या एका मुलीने पट्टी आणि कॅलक्युलेटर घेऊन शोधली. जिल्ह्यातली पुलगाव-आर्वी ही आता बंद झालेली नॅरोगेज ७६२ मिलिमीटरची होती. १:८७ ने ती होते ८.७६ मिलिमीटर. बाजारात ९ मिलिमीटरचे रूळ मिळतात, म्हणजे आपल्या जिल्ह्यातली ती छोटी गाडी जवळजवळ अचूक करता येईल, हा शोधही तिचाच.

मग आली वळणे. आपल्याकडे ब्रॉडगेजवर जास्तीत जास्त तीव्र वळण १७५ मीटर त्रिज्येचे असते. ८७ ने भागल्यावर ते २ मीटर होते. पूर्ण वर्तुळाला ४ मीटर जागा लागेल, आणि फळी तर चार फुटांची! म्हणून छंदवाले लोक ४५ सेंटिमीटरच्या आसपासच्या त्रिज्येवर तडजोड करतात. खऱ्या जगात हे वळण अवघ्या ३९ मीटरचे झाले असते आणि तिथे मेल गाडी नक्कीच घसरली असती. वेगाचेही तसेच. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. प्रतिकृतीत सेकंदाला १९ सेंटिमीटर. मुले गाडी याच्या चौपट वेगाने पळवत होती. हिशेब झाल्यावर त्यांनी स्वतःहून ती सावकाश केली, आणि पहिल्यांदाच ती खरी वाटू लागली.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी आपल्या छंदातून उभे केलेले लघु रेल्वे संग्रहालय १९९८ साली लोकांसाठी खुले झाले. ज्यांनी ते पाहिले असेल त्यांना कल्पना येईल की सिग्नल, सांधे, फाटक आणि गाड्या एकमेकांशी जुळवून चालवणे म्हणजे किती बारकाव्यांचा मेळ घालणे असते. बघणाऱ्याला गाड्या दिसतात. त्यांच्यामागे गेलेले तास दिसत नाहीत.

रॅकेटचे कोडे

आता मूळ प्रसंगाकडे येऊ. मुलांची इच्छा अशी की गाडीने कळंबला पोचून गोल वळसा घ्यावा आणि त्याच रुळावरून वर्ध्याला परत यावे. आकार डोळ्यांसमोर आणा: बॅडमिंटनच्या रॅकेटसारखा. दांडा म्हणजे मुख्य मार्ग, आणि वरची कड म्हणजे वळसा. वळसा जिथे दांड्याला मिळतो तिथे एक सांधा.

रूळ जोडले, विजेचा एलिमिनेटर लावला आणि त्याचा दिवा विझला. शॉर्टसर्किट!

का? प्रतिकृतीच्या गाडीला १२ व्होल्टचा एकदिश प्रवाह रुळांतूनच मिळतो. एक रूळ धन, दुसरा ऋण. इंजिनाची चाके दोन्ही रुळांवरून वीज घेतात आणि आतली मोटर फिरते. रुळांची अदलाबदल केली की मोटर उलटी फिरते. आता रॅकेटच्या दांड्यावरून चालत निघा आणि डावा हात डाव्या कडेला लावून ठेवा. वळसा घालून पुन्हा दांड्यावर या. हात अजून डावीकडेच आहे, पण तो दांड्याच्या कोणत्या कडेला लागला? जाताना जी उजवी कड होती तिला! म्हणजे डावा रूळ फिरून उजव्या रुळालाच जाऊन मिळाला. धन आणि ऋण थेट जोडले गेले. वर्गात हे मैदानावर चुन्याने आखून, दोन मुलांना दोन कडांवरून चालायला लावून दाखवता येते.

उपायही ठरलेला आहे. वळशाच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापून तो तुकडा विजेच्या दृष्टीने वेगळा करायचा. हा तुकडा पूर्ण गाडीपेक्षा लांब हवा. मग मुख्य मार्गाला दोन्ही तारांची अदलाबदल करणारा सहा टोकांचा स्विच बसवायचा. गाडी वळशात असताना तो स्विच उलटा करायचा. गाडी वळशात आपल्याच दिशेने चालत राहते आणि बाहेर पडते तेव्हा मुख्य मार्ग तिच्या परतीसाठी तयार असतो.

मी हे उत्तर सांगितले नाही. मुले शोधत बसली. दुपारचा एक वाजला होता. एकजण रुळावर बोट फिरवत पुटपुटत होता, "हा धन, हा धन, इथून वळला, अजून धन..." दुसरीच्या हातात स्विच होता. तिसरी कागदावर लाल-निळ्या रेघा काढत होती. अडीचच्या सुमारास मला वाटले, पोरे उपाशी आहेत. मी दारातून म्हणालो, "चला, चिवडा खाऊन घ्या आधी."

बोट थांबले. मुलाने माझ्याकडे पाहिले, मग रुळाकडे. "गेलं सर! आता पुन्हा सुरुवातीपासून." मुलगी हळूच म्हणाली, "सर, थोडं थांबा न. मधात नका बोलू."

मला आधी राग आला, मग हसू आले. नंतर मात्र विचार करावासा वाटला.

डोक्यात मावते तेवढे

त्या मुलाच्या डोक्यात त्या क्षणी काय काय होते? गाडी कोणत्या दिशेने जात आहे, कोणता रूळ धन आहे, काप कुठे आहे आणि स्विच कोणत्या बाजूला आहे. चार गोष्टी. यातली एकही कागदावर नव्हती. चारही एकदमच लक्षात ठेवून तो पाचव्या गोष्टीचा, म्हणजे पुढे काय होईल याचा, विचार करत होता.

तात्पुरत्या स्मृतीत किती गोष्टी मावतात याचा विचार मानसशास्त्रज्ञ बराच काळ करत आहेत. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली 'सात, दोन कमी किंवा दोन जास्त' असा अंदाज मांडला होता. पुढे नेल्सन कोवान यांनी २००१ साली उपलब्ध प्रयोग पुन्हा तपासून दाखवले की उजळणीचा आणि गट करण्याचा आधार काढून घेतला तर ही संख्या चारच्या आसपास येते. आमच्या मुलाची ओंजळ काठोकाठ भरलेली होती. 'चिवडा' हा पाचवा खडा पडला आणि सगळे पाणी सांडले.

व्यत्यय मोठाच असावा लागतो असेही नाही. अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठात ३०० जणांवर झालेला एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. संगणकावर ठरावीक क्रमाने पायऱ्या करत जायच्या, एवढेच काम होते. मध्येच सरासरी २.८ सेकंदांचा छोटासा व्यत्यय आणला, तर क्रमात होणाऱ्या चुका दुपटीने वाढल्या. व्यत्यय ४.४ सेकंदांचा केला तर त्या तिपटीवर गेल्या. विचारांची गाडी रुळावरून घसरते असे आपण म्हणतो. ती घसरायला तीन सेकंद पुरतात. "वही कुठे आहे रे?" एवढे विचारायला लागतात तेवढेच.

मग आपल्या वेळापत्रकाचे काय? ३५ मिनिटांची तासिका. पहिली पाच मिनिटे हजेरी आणि साहित्य वाटण्यात, शेवटची पाच आवराआवरीत. उरलेल्या पंचविसांत मूल त्या चार गोष्टी गोळा करते, ओंजळ भरते, आणि घंटा वाजते. दुसऱ्या दिवशी पुन्हा रिकाम्या ओंजळीपासून सुरुवात. असे आठवडाभर झाले की मूल ओंजळ भरायचेच सोडून देते. मग आपण म्हणतो, याचे लक्ष लागत नाही.

इथे एक दिलासा आहे. मारिया ओव्ह्स्यान्किना या संशोधिकेने १९२८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना हातातले काम अर्धवट सोडायला लावले आणि मग मोकळे सोडले. कोणी सांगितले नसतानाही बहुतेकांनी ते अर्धे काम पुन्हा हाती घेतले. अर्धवट राहिलेले काम माणसाला ओढते. आमची मुलेही चिवडा उभ्यानेच खाऊन परत फळीकडे गेली. चार वाजून गेल्यावर त्यांना उत्तर सापडले. गाडी वळसा घालून परत आली तेव्हा जो आरडाओरडा झाला त्याने शेजारचे लोक जमा झाले.

रात्रभर जागणारा क्लब

तासन्‌तास रुळांपाशी बसणे हे वेड काही सावंगीच्या मुलांचेच नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत (एमआयटीत) १९४६ साली प्रतिकृती रेल्वेचा विद्यार्थी क्लब सुरू झाला. महायुद्धाच्या काळात तात्पुरती म्हणून बांधलेल्या 'बिल्डिंग २०' मध्ये त्याची खोली होती. क्लबात दोन प्रकारची मुले असत. काहींना डबे, झाडे, डोंगर करण्यात रस होता. दुसऱ्यांना रस होता फळीच्या खाली, तारांच्या जाळ्यात. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरले जाणारे रिले जोडून त्यांनी अनेक गाड्या एकाच वेळी चालवणारी यंत्रणा उभी केली होती.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस यातल्या काहींना संस्थेतला टीएक्स-० हा संगणक वापरायला मिळाला. दिवसा त्यावर इतरांचा हक्क असे, म्हणून ही मुले रात्री बसत. रात्री संगणक मोकळा असे आणि हाक मारायलाही कोणी नसे. रुळांखालच्या तारांत लागलेली सवय त्यांनी संगणकाकडे नेली. एक गुंतागुंतीची व्यवस्था पूर्ण डोक्यात उभी करायची आणि ती चालेपर्यंत उठायचे नाही. १९६२ साली याच मंडळींच्या वर्तुळात 'स्पेसवॉर' हा सुरुवातीच्या संगणक-खेळांपैकी एक तयार झाला आणि त्याचे नियंत्रण-खोके क्लबातल्याच सुट्या भागांतून बनवले गेले. संगणकाच्या इतिहासात या क्लबाचे नाव आदराने घेतले जाते.

पण या कथेची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांना सांगायला हवी. यातल्या काही मुलांचे वर्गातल्या अभ्यासाकडे पूर्ण दुर्लक्ष झाले. सलग काम आणि न झोपता काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सलग म्हणजे किती?

१९४८ साली नॉर्मन मॅकवर्थ यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. युद्धात रडारच्या पडद्यावर नजर ठेवणाऱ्यांच्या हातून काही वेळाने खुणा निसटू लागतात, त्याचा तो अभ्यास होता. घड्याळासारखा काटा टप्प्याटप्प्याने पुढे सरके आणि क्वचित एकदम दोन टप्पे उडी मारी. ती उडी टिपायची. हे दोन तास चाले. पहिल्या अर्ध्या तासानंतरच सुटणाऱ्या उड्यांचे प्रमाण वाढले. म्हणजे स्वतः काहीही न करता नुसते पाहत राहण्याचे काम फार वेळ नीट जमत नाही. आपल्या वर्गात फळ्याकडे पाहत बसलेले मूल आठवा. रुळांपाशी तेच मूल चार तास टिकते, कारण तिथे काम दर मिनिटाला त्याला उत्तर देते. गाडी चालते तरी, किंवा थांबते तरी.

मात्र थकव्याला आवडनिवड कळत नाही. ऑस्ट्रेलियातील ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ साली दाखवले की सलग १७ तास जागे राहिल्यावर हात आणि डोळे यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतका बिघडतो. २४ तासांनंतर तो ०.१ टक्क्यांइतका बिघडतो. मुलांच्या हातात तापलेली सोल्डरिंगची लेखणी असते आणि तिचे टोक ३०० अंश सेल्सिअसच्या वर असू शकते. म्हणून आम्ही नियम केला. जेवणानंतर रात्री काम नाही, सोल्डरिंग फक्त मोठ्यांच्या देखत, खिडकी उघडी, आणि शिशाची तार हाताळल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय खायचे नाही. चिवडाही नाही!

तीन तास वीस मिनिटे

आता सावंगीहून निघून वर्धा शहर ओलांडू. पलीकडे सेवाग्राम आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिच्यातून डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने नई तालीमचा अभ्यासक्रम आखला. त्यातले रोजचे वेळापत्रक आजही वाचण्यासारखे आहे. शाळा साडेपाच तासांची. त्यात मातृभाषेला ४० मिनिटे, संगीत-चित्रकला-गणिताला मिळून ४० मिनिटे, सामाजिक अभ्यास व सामान्य विज्ञानाला ३० मिनिटे, शारीरिक शिक्षणाला १० आणि सुट्टीला १० मिनिटे. उरलेला सगळा वेळ हस्तोद्योगाला: ३ तास २० मिनिटे!

या आकड्यामागे उत्पादनाचा आणि शाळा स्वावलंबी करण्याचा विचारही होता आणि त्यावर त्या काळीच टीका झाली. मुलांना कामाला जुंपले जाईल, ही भीती खोटी म्हणता येणार नाही. सूत कातणे यांत्रिक झाले तर ते मॅकवर्थच्या काट्यासारखेच होणार. पण हाताने शिकायचे असेल तर वेळाचा मोठा, न तुटलेला तुकडा लागतो, हे ज्यांनी वेळापत्रकात लिहून दाखवले ते आपल्याच जिल्ह्यात बसले होते. आपण तकली काढून टाकली हे समजण्यासारखे आहे. तिच्याबरोबर तो सलग वेळही काढून टाकला, हे मात्र आपल्या लक्षातच आले नाही.

शाळेत काय करता येईल?

सगळे वेळापत्रक बदलणे कोणाच्याच हातात नाही आणि त्याची गरजही नाही. सगळ्या कामांना सलग वेळ लागत नाही. रेल्वेच्या फळीवरही खडी चिकटवणे, डबे रंगवणे, कागदाची झाडे करणे ही कामे वीस-वीस मिनिटांत होतात. गोंद वाळेपर्यंत थांबावे लागते तीच नैसर्गिक सुट्टी. सलग वेळ लागतो तो आखणीला आणि दोष शोधण्याला, म्हणजे चार गोष्टी एकदम डोक्यात धरायच्या असतात तिथे. तेव्हा कामाची आधी अशी वाटणी करावी आणि आठवड्यातून एकदा शेवटच्या दोन-तीन तासिका जोडून घ्याव्यात. मुख्याध्यापकांची परवानगी एवढ्याला सहसा मिळते.

दुसरे, काम थांबवायचेच असेल तर पाच मिनिटे आधी सांगावे आणि प्रत्येकाला एका चिठ्ठीवर एकच ओळ लिहायला लावावी: 'याच्यापुढे मी काय करणार होतो'. भरलेली ओंजळ भांड्यात ओतून ठेवण्यासारखे हे आहे. आम्ही दुसऱ्या दिवसापासून ते सुरू केले. सकाळी आल्यावर गाडी पुन्हा रुळावर यायला लागणारा वेळ स्पष्टपणे कमी झाला.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, कारण ती आपल्याला करायची आहे. मूल गुंतलेले असताना आपण बोलायचे नाही. शाबासकीसाठीही नाही. सूचना कागदावर लिहून ठेवावी आणि त्याने मान वर केल्यावर द्यावी. बोलणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे त्या आपल्याला हे किती जड जाते, ते करून पाहिल्यावरच कळेल.

पुढच्या वेळी एखाद्या मुलाबद्दल 'लक्ष लागत नाही' असे म्हणण्याआधी एक साधी नोंद करून पाहा. एका तासिकेत त्याच्या कामात किती वेळा व्यत्यय आला, आणि त्यातले किती व्यत्यय आपले स्वतःचे होते? मी माझी नोंद केली. आकडा इथे लिहीत नाही, पण त्या दिवसापासून मी दारात उभा राहिलो की आधी फळीकडे पाहतो, बोट रुळावर फिरते आहे का ते. फिरत असेल तर चिवड्याचा डबा तसाच दाराशी ठेवून परत येतो.